घरचा संगणक संध्याकाळीच आपोआप रीस्टार्ट होतो

वखारभाग_सांगली

नमस्कार. सांगलीत हळदीची आमची अडत असून तिचे हिशेब मी घरच्या संगणकावर ठेवतो. अलीकडे हा संगणक काम चालू असताना एकाएकी बंद पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. निळा स्क्रीन किंवा एरर असे काहीच येत नाही. स्क्रीन काळा होतो आणि क्षणभरात विंडोज पहिल्यापासून चालू होऊ लागते. दिवसा तो बहुधा नीट चालतो, त्रास होतो तो संध्याकाळी, नेमका शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) भरायला बसल्यावर. संगणक यूपीएसवर आहे. दुरुस्तीसाठी दिला असता विंडोज नव्याने टाकून मिळाले, पण फरक पडला नाही, आणि आता मदरबोर्ड बदलावा असे सांगण्यात येत आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी कसे ओळखता येईल?

कराडकर_संगणक

मदरबोर्डचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आधी एक गोष्ट निश्चित करावी लागेल, ती म्हणजे विंडोज स्वतः रीस्टार्ट करते आहे की संगणकाची वीजच तुटते आहे. मूळ सेटिंग असे असते की गंभीर बिघाड झाल्यास विंडोज आपोआप रीस्टार्ट होते, त्यामुळे निळा स्क्रीन आला तरी वाचण्याआधीच निघून जातो. सिस्टिम प्रॉपर्टीजमधील अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढून टाका. यानंतर विंडोजचा बिघाड असेल तर निळा स्क्रीन जागेवर थांबून राहील.

दुसरे म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधील सिस्टिम हा भाग पाहा. तेथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडेल. ही नोंद पाहून अनेक जण कारण मिळाले असे समजतात. वास्तविक तिचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. उपयोगाची माहिती तिच्या डिटेल्स टॅबमध्ये असते. तेथे ‘बगचेककोड’ (विंडोजच्या बिघाडाचा क्रमांक) शून्याखेरीज काही असेल तर ड्रायव्हर किंवा रॅमकडे वळावे लागेल, आणि शून्य असेल तर विंडोजला काही नोंदवायला वेळच मिळाला नाही, म्हणजे बहुतेक वेळा वीजपुरवठ्याचा दोष, असे धरून पुढे जावे.

मिरज_हार्डवेअर

वरील दोन्ही गोष्टी अवश्य करा. मला मात्र ‘संध्याकाळीच’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. बिघडलेली रॅम वेळ पाहून त्रास देत नाही. त्या सुमारास इमारतीत पाण्याची मोटर सुरू होते का, आणि त्या क्षणी दिवे मंद होतात का, हे पाहावे. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे व्होल्टेज क्षणभर खाली येते. अशा वेळी यूपीएस बॅटरीवर जातो. बॅटरी चांगली असेल तर संगणकाला पत्ताही लागत नाही, पण ती संपलेली असेल तर यूपीएसच कोलमडतो आणि संगणकाला घेऊन बसतो.

घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत उतरते, आणि उतरलेली बॅटरीही चार्जिंगला असताना मीटरवर १३ व्होल्टच्या वर दिसते, म्हणून नुसत्या मीटरवर विसंबू नका. खरी परीक्षा लोडवरच होते. यूपीएसला साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब जोडून भिंतीवरचे बटण बंद करा. बल्ब लगेच विझला तर बॅटरी गेली. ही चाचणी संगणक जोडून करू नये, कारण ऐन लिहिताना वीज तुटली तर हिशेबाची फाइल बिघडू शकते.

आणखी एक. हळदीची पूड बारीक असते आणि कपड्यांबरोबर घरापर्यंत येते. कॅबिनेट उघडून प्रोसेसरवरच्या पंख्याखाली पाहा. अडतीवरून आलेल्या संगणकांत हीट सिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये पिवळसर थर नमद्यासारखा बसलेला मी पाहिला आहे. तो ब्लोअरने काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा. मात्र तापण्याने आधी संगणक मंदावतो, म्हणून तुमच्या बाबतीत ते मूळ कारण वाटत नाही. एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) स्वतः उघडू नका, त्यातील कपॅसिटर वीज काढल्यावरही धोकादायक चार्ज धरून ठेवतात.

वखारभाग_सांगली

दोघांचेही मनापासून आभार. बगचेककोड शून्यच आहे. इमारतीची मोटर संध्याकाळी सुरू होते आणि त्या क्षणी जिन्यातला दिवा खरोखरच मिणमिणतो. बल्बची चाचणी केली, तर बटण बंद करताच बल्ब विझला. काल संगणक यूपीएसशिवाय थेट सॉकेटला जोडून ठेवला होता. मोटर सुरू झाली तरी तो चालूच राहिला. मग आता फक्त बॅटरी बदलावी की एसएमपीएससुद्धा?

मिरज_हार्डवेअर

फक्त बॅटरी. एसएमपीएस तेवढी घसरण सहज पेलतो हे कालच्या प्रयोगातून दिसलेच आहे. बॅटरी बदलल्यावरही त्रास राहिला तर लोड असताना एसएमपीएसच्या पिवळ्या तारेवरचे व्होल्टेज दुकानातून मोजून घ्यावे, ते ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असायला हवे. जुनी बॅटरी शिशाची असते, ती कचऱ्यात न टाकता नवी घेताना दुकानदाराकडेच द्या, बहुतेक जण तिचे पैसेही वजा करून देतात.

कराडकर_संगणक

बॅटरी येईपर्यंत एक काम आजच उरकून घ्यावे. इतक्या वेळा वीज तुटल्यावर डिस्क तपासणे आवश्यक आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘चेकडिस्क’ (chkdsk) चालवा. त्याआधी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून, गेल्या काही संध्याकाळच्या पट्ट्या कागदी वहीशी ताडून पाहा.