हजार शब्द, विभक्ती शून्य. याला भाषा म्हणायचं?

पेठकर: काल इथं एकानं लिहिलं, 'कादंबरीसाठी भाषा तयार केली, हजार शब्द झाले, विभक्तीची कटकट ठेवलीच नाही.' अरे, ही तर नुसती शब्दांची यादी! कोण कुणाला चावलं ते कळणार कशावरून? झामेनहॉफनं १८८७ मध्ये एस्पेरांतो ही बनवलेली भाषा काढली, तिच्यात नामाच्या शेवटी 'ओ', कर्माला वर 'न'. 'ला हुंदो मोर्दास ला काटोन' म्हणा नाहीतर 'ला काटोन मोर्दास ला हुंदो', चावतो कुत्राच, मांजर नव्हे.

रंकाळा_कट्टा: पोस्ट माझीच. त्या 'न'नं शिकणाऱ्यांचा जीव खाल्ला, ते सोयीनं गाळलंत. १८९४ च्या सुधारणांत खुद्द झामेनहॉफ तो काढायला निघाले होते. एस्पेरांतोच सुधारून केलेल्या १९०७ च्या इदोत तो उरला फक्त कर्म कर्त्याआधी आलं तर. आणि एस्पेरांतोच्या आधी बनवलेली, चार विभक्त्यांची वोलापूक कुठाय आज?

पेठकर: वोलापूक आपसातल्या भांडणानं मेली. वाचून या.

निवृत्त_मास्तर: विभक्ती निघालीच आहे म्हणून बोलतो. दसरा चौकात फलक बघा, 'कोल्हापूरात'! अरे, कोल्हापुरात! सामान्यरूपात पु ऱ्हस्व. स्वतःच्या गावाला प्रत्यय लावता येईना, निघाले परग्रहाची भाषा करायला.

तांबडा_पांढरा: मास्तर, दुकान सापडतंय न्हवं?

निवृत्त_मास्तर: सापडतंय म्हणून काहीही? उद्या 'विहीरीत' पडाल.

तांबडा_पांढरा: दीर्घ असली तर जरा उशिरा बुडतोय, तेवढंच.

निवृत्त_मास्तर: असल्या टवाळीनंच भाषेची वाट लागली.

राजारामपुरीची_लेक: भांडा निवांत. आम्ही मैत्रिणी शाळेत 'च'ची भाषा बोलायचो. 'कोल्हापुरात येतो'चं 'चल्हापुरातको चतोये'. (हो, 'येतो'च. इथल्या पोरी तसंच बोलतात.) शब्दाची मोडतोड, पण '-पुरात' मध्ये जसंच्या तसं. सातआठ वर्षांच्या पोरींना कटकट वाटली नाही कधी.

रंकाळा_कट्टा: ताई, मराठी आईच्या मांडीवर आली म्हणून. माझा बंगळूरचा रूममेट वर्षभर 'घोडाला' म्हणत होता, आणि आम्हाला सगळं कळत होतं.

पेठकर: बरं साहेब, 'न' नको. मग शब्दांचा क्रम तरी पक्का बांधा, नाहीतर तुमचा नायक मेला की खलनायक ते तुम्हालाच कळायचं नाही. 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासीयांची क्लिंगॉन बघा, ती रचणाऱ्या ओक्रँडनं अनेकवचनाचे प्रत्ययच तीन ठेवलेत. बोलणाऱ्यांना 'पू', अवयवांना 'दू', बाकी सगळ्याला 'मे'.

तांबडा_पांढरा: आमदारांना कुठलं?

रंकाळा_कट्टा: तीन? आणि मी कटकट म्हटलं तर राग येतो! क्रम बांधतो, कर्ता पुढं. विभक्ती मात्र मेलो तरी घालणार नाही.

निवृत्त_मास्तर: ऱ्हस्व-दीर्घ तरी ठेवणार का?