घरच्या गॅरेजसाठी हत्यारं: मोठा सेट घ्यावा की सुटे पाने?

सायकलवाली:

नमस्कार मंडळी. घरच्या गॅरेजमध्ये एक जुनी जर्मन कार, एक जपानी मोटरसायकल आणि दोन सायकली आहेत. ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, बॅटरी, चेन एवढं तरी आपलं आपण करावं असं बरेच दिवस मनात आहे. वडिलांच्या पेटीत भरपूर पाने आहेत, पण निम्मे इंची मापाचे, कशालाच नीट बसत नाहीत.

नवीन घ्यायला गेलं की 108 नगांचा, 216 नगांचा असे पेटीबंद सेट समोर येतात. सगळ्यांवर क्रोम व्हॅनेडियम कोरलेलं, सगळेच चकचकीत, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या चौपट. हा फरक कशाचा? सेट घ्यावा की सुटं सुटं जमवावं? आणि पाना हातात घेतल्यावर चांगला-वाईट ओळखायचा कसा? "ब्रँडेड घ्या" एवढंच सांगू नका प्लीज, ते मलाही सुचलं होतं.

टूलरूमवाला:

ताई, क्रोम व्हॅनेडियम हे नुसतं पोलादाचं कुळ झालं. त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून कडक कसं केलंय, यावर पुढचं सगळं, आणि ते काही कोरलेल्या अक्षरांत दिसत नाही. पोलाद मऊ राहिलं तर जोर लावताच पान्याचा जबडा फाकतो, फार कडक झालं तर तडकतो. जास्तीच्या किमतीतला खरा भाग इथे जातो: प्रत्येक नगाला सारखं पाणी आणि तोंडाच्या मापात अचूकपणा. उरलेला चकाकीत आणि प्लॅस्टिकच्या पेटीत.

माझं मत विचाराल तर पैसे तिथे घाला जिथे हत्यार बोल्टला किंवा स्क्रूला भिडतं. म्हणजे पाने, गोट्या (सॉकेट), स्क्रू ड्रायव्हरची टोकं, एलन की (षटकोनी खाचेच्या बोल्टच्या किल्ल्या). फनेल, ट्रे, चुंबकाची काठी, वायर ब्रश, पेटी, यात जे मिळेल ते चालतं. 216 नगांच्या सेटमध्ये बरेचसे नग बारीक बिटच असतात, त्यामुळे त्या आकड्याला फार भुलू नका.

आधी गाडीखाली शिरा आणि मापं लिहून काढा. 6 मिमी जाडीच्या बोल्टचं डोकं बहुतेक ठिकाणी 10 मिमीचं असतं, आणि पान्याचं माप म्हणजे हे डोक्याचं माप. 8 मिमीच्या बोल्टला जपानी गाडीत बहुधा 12 लागतो, युरोपीय गाडीत 13. 10 मिमीच्या बोल्टला जपानी गाडीत 14, जर्मन जुन्या मापाने 17, नव्याने 16. म्हणजे तुमच्या मोटरसायकलचं 8, 10, 12, 14, 17 वर बरंच भागेल, कारसाठी 13, 16, 18, 19 वाढवा. 10 चे दोन घ्या. नट आणि बोल्ट दोन्ही 10 चे आले की दोन लागतात, शिवाय हरवतो तोही नेमका हाच.

पाने कॉम्बिनेशनच घ्या, एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडं तोंड असलेले. बोल्ट सैल करताना आणि शेवटचा आवळताना रिंग, मधलं फिरवणं उघड्या तोंडाने. उघडं तोंड बोल्टला दोनच बाजूंनी धरतं. जाम बोल्टवर त्याने जोर काढला की कोन गेलेच म्हणून समजा.

दुकानात जाताना खिशात 10, 12, 14 च्या डोक्याचे नवे बोल्ट टाकून न्या. पाना बोल्टवर चढवा आणि हलकेच डावं-उजवं करा. थोडा खेळ असतोच, नाहीतर पाना चढणारच नाही. पण बोल्ट जागचा हलत नाही आणि पाना मात्र डोळ्यांना दिसेल एवढा डुलतोय, तर परत ठेवून द्या. मग तोंडाच्या आत बघा. दोन्ही बाजू सपाट आणि एकमेकींना समांतर हव्यात. आतल्या कोपऱ्यात क्रोमचा थर गुठळीसारखा साचलेला किंवा कडेला पोपडा धरलेला दिसला, तर प्लेटिंग खराब आहे. त्याचा कपचा सुटला की बोटात ब्लेडसारखा शिरतो.

गोटी उलटी करून तिचं तोंड बघा. आतून सहा कोनी हवी. कडेला आत जाणारा उतार जितका कमी तितकी चांगली, कारण पातळ डोक्याच्या नटला पकड मिळते ती त्या उताराच्या पलीकडेच. स्वस्त गोट्यांत हा उतार खोल असतो. वरून बघितलं तर गोटी पूर्ण बसलेली दिसते, आत अर्धीच धरते.

आता रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा दातांचा दांडा, जो एकाच दिशेने पकडतो. 24 दात असतील तर पुढचा दात पकडायला दांडा 15 अंश फिरवावा लागतो, 72 असतील तर 5 अंश. अडचणीच्या जागेत हा फरक फार जाणवतो. तरी दातांपेक्षा मी आधी एक गोष्ट बघतो: गोटी चढवून दोन बोटांत अलगद धरायची आणि दांडा उलटा न्यायचा. गोटी बोटांतून ओढली जात असेल तर तो रॅचेट कामात नुकताच लावलेला सैल नट परत उलटा काढत बसेल.

सुरुवात 3/8 इंची रॅचेटने करा (हे माप गोटी बसते त्या चौकोनी खुंटीचं). अर्धा इंचीचा दांडा साधारण 25 सेंमी असतो. त्यावर 20 किलोचा जोर लावला तर बोल्टवर 50 न्यूटन-मीटरच्या (पिळण्याच्या जोराचं माप) आसपास पडतात. साध्या 6 मिमीच्या बोल्टला लागतात सुमारे 10. तो तुटेल नाहीतर काय! आणि जाम बोल्टला रॅचेटवर पाइप चढवू नका, आतली कुत्री (दातांत अडकणारे खटके) मोडतात. त्यासाठी लांब दांडा वेगळा घ्यायचा, ज्यात दात नसतात.

बारा_कोनी:

सहा कोनी गोटी मान्य, पण रिंगमध्ये बारा कोनच हवेत हे राहिलं. सहा कोनी रिंग काढून परत बसवायला 60 अंश फिरायची जागा लागते, बारा कोनीला 30. गाडीत एवढी जागा असते कुठे? आणि सुटे पाने घ्या हे ऐकायला ठीक आहे, पण पहिल्यांदाच काम करणाऱ्या माणसाला कुठलं माप लागेल हे कसं कळणार? बोल्ट दिसतात तेवढेच थोडे असतात! मी तर म्हणेन मध्यम प्रतीचा छोटा सेट घ्यावा, आणि त्यातलं जे झिजेल ते उंची आणावं.

टूलरूमवाला:

रिंगचं बरोबर आहे तुमचं, बारा कोनीच घ्यावी. सेटचं नाही पटत. पाना झिजलाय हे कळतं कधी? बोल्टचं डोकं गोल झाल्यावर. पान्याच्या जागी नवा पाना येतो, पण तो बोल्ट सिलिंडर हेडमध्ये असला तर पुढे ड्रिल, एक्स्ट्रॅक्टर (अडकलेला बोल्ट काढायचं हत्यार) आणि पूर्ण रविवार. हां, गोट्यांचा छोटा सेट घ्यायला हरकत नाही, त्यांची मापं तशीही सगळी लागतात. फक्त चकचकीत क्रोमच्या गोट्या इम्पॅक्ट गनवर (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) लावू नका, फुटून तुकडे उडतात. गनसाठी काळ्या, जाड भिंतीच्या वेगळ्या येतात.

पेचकस:

पान्यांवर एवढी चर्चा आणि स्क्रू ड्रायव्हरकडे कोणी बघेना. ताई, तुमच्या मोटरसायकलच्या क्रॉस स्क्रूंच्या डोक्यावर बारीक टिंब दिसतंय का बघा. असेल तर ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचे स्क्रू. फिलिप्सचं, म्हणजे नेहमीच्या क्रॉस ड्रायव्हरचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर उसळतं आणि खाच खातं. व्हेसलसारख्या जपानी कंपन्यांचे ड्रायव्हर या स्क्रूंत नीट बसतात, तसा एक क्रमांक 2 चा आणि एक 3 चा ठेवा. कार्ब्युरेटर आणि ब्रेकच्या टाकीचं झाकण उघडताना त्यांची किंमत कळेल.

काही स्क्रूंना चार खाचांच्या मधोमध चार बारीक रेघा असतात. ते पोझिड्राइव्ह, त्याला पीझेड (पोझिड्राइव्हचाच) ड्रायव्हर लागतो. दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला लावायचा नाही. टोक बसतंय का हे बघायला स्क्रू ड्रायव्हरवर ठेवून दांडा आडवा धरा. चुंबक नसताना स्क्रू लगेच गळून पडला नाही, मान टाकली नाही, तर जोडी जमली.

सायकलवाली:

वा, टिंब आहे! मला वाटायचं ती बनवतानाची खूण असेल. दोन शंका राहिल्या. टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा, आत्ताच घ्यावा का? आणि वडिलांचे इंची पाने भंगारात द्यायचे का? जड आणि छान आहेत हो, जीव होत नाही.

बारा_कोनी:

सायकलचं मी सांगतो. 4, 5, 6 च्या एलन की चांगल्यातल्या घ्या, कोन धारदार असलेल्या. कोन घासलेली की बोल्टची खाच गोल करते, मग खोगीर हलतं आणि बोल्ट हलत नाही. पेडल पान्याने काढायचं असलं तर 15 चा पातळ पाना लागतो, नेहमीचा जाड पाना क्रॅंकच्या फटीत शिरत नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे डोक्यात ठेवूनच जोर लावा.

टूलरूमवाला:

भंगारात अजिबात नको. 3/4 इंच म्हणजे 19.05 मिमी, तो 19 वर छान बसतो. 5/16 म्हणजे 7.94, तोंड जरा सैल असेल तर 8 वरही चढतो, चढवून बघा. 1/2 मात्र 12.7, तो 13 वर चढत नाही आणि 12 वर डुलतो. 9/16 म्हणजे 14.29, तोही 14 वर सैल. हे दोन बाजूला काढा, लाल रंगाचा पट्टा मारून ठेवा, म्हणजे घाईत हातात येणार नाहीत. जुन्या जड पान्यांचं पोलाद बरेचदा चांगलं असतं. व्हाइसमध्ये धरून कडा कानसने साफ केल्या की पुढच्या पिढीपर्यंत जातील.

टॉर्क पाना घ्या, पण कशासाठी ते ठरवून. 40 ते 200 न्यूटन-मीटरचा चाकांच्या नटांना उत्तम, त्यावर 10 लावता येत नाही. आणि क्लिकवाल्या पान्यावर (जोर पुरा झाला की टक् वाजतो तो) कमाल मापाच्या 20 टक्क्यांखाली विश्वास ठेवू नये, वर चांगला पाना अधिक-उणे 4 टक्क्यांत राहतो. काम झालं की स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, आणि त्याने बोल्ट सैल करायचा नाही. एकच घेणार असाल तर चाकांचा घ्या. ऑइलच्या ड्रेन प्लगला लहान मापाचा लागतो, तो पुढे बघू.

पक्कड घेताना मिटून उजेडासमोर धरा. टोकं जुळायला हवीत आणि सांधा आडवा हलायला नको. क्निपेक्सची समांतर जबड्यांची पक्कड सपाट नटला कोन न खाता धरते, जमलं तर ती एक घ्या.

अजून एक. गॅरेजमध्ये फरशी साफ करायच्या ॲसिडची बाटली असेल तर आजच बाहेर काढा. झाकण घट्ट असलं तरी थोडी वाफ सुटत राहते, आणि बंद जागेत लांबच्या कपाटातल्या पान्यांनाही त्या वाफेने गंज चढतो.