शॉर्टहॉर्नचा खरा बाप कोण? (कॉमेट नव्हे!)

दावणीवरचा
काल शॉर्टहॉर्न या इंग्लंडच्या गाई-बैलांच्या जातीवरच्या एका लेखात वाचलं, 'शॉर्टहॉर्न म्हणजे कॉमेट, बाकीचे वळू त्याच्या पुण्याईवर जगले.' का, तर 1810 साली केटनच्या लिलावात तो 1000 गिनींना गेला म्हणून. बोलीवरून वळूची थोरवी ठरवायची तर 1873 चा न्यूयॉर्क मिल्सचा लिलाव आठवा. शॉर्टहॉर्नच्याच डचेस घराण्यातल्या एका गाईला 40,600 डॉलर पडले. पुढं त्या घराण्याचं काय झालं? गाई गाभण राहिनात, वंश बुडाला.

माझं मत चॅम्पियन ऑफ इंग्लंड या वळूला. जन्म 1859, अॅबरडीनशायरात, सिटिटनच्या एमोस क्रुकशँकच्या गोठ्यात. प्रदर्शनात कुणी ढुंकून पाहिलं नाही, क्रुकशँकही विकायच्या बेतात होता. पण वासरं पाहिली आणि मन बदललं. मग त्याच्याच मुला-नातवंडांवर कळप बांधला. आखूड पाय, भरलेली मांडी, लवकर अंग धरणारं जनावर. आज मांसासाठी पाळतात तो शॉर्टहॉर्न यातूनच घडला. कॉमेटनं काय दिलं? भाव!

रवंथ
आणि चॅम्पियन काय आभाळातून पडला? त्याच्या वंशावळीत मागं मागं जा, फेव्हरिट या वळूलाच जाऊन धडकाल. 1793 चा. कॉमेटचा बाप तो, गावोगाव मिरवलेल्या डरहॅम ऑक्सचा बापही तोच. सेवॉल राइट या आनुवंशशास्त्रज्ञानं वंशावळींचं गणित मांडलं, तेव्हा 1920 च्या सुमाराच्या शॉर्टहॉर्नचं फेव्हरिटशी नातं निम्म्याहून जास्त निघालं. सख्ख्या बापाशी असतं तेवढं, सव्वाशे वर्षांनंतर! बाकी चालू द्या.

निवृत्त पशुवैद्य
राइटचा आकडा तुम्ही कौतुकानं सांगताय, मला तो वाचून घाम फुटतो. कॉमेटचा बाप फेव्हरिट. कॉमेटची आईही फेव्हरिटचीच मुलगी, आणि तीसुद्धा त्याला स्वतःच्या आईपासून झालेली. याला प्रभाव म्हणायचं की घोळ?

आमच्या तालुक्यात एकाच वळूच्या कांड्या (कृत्रिम रेतनाच्या, गोठवलेल्या वीर्याच्या) आठ वर्षं वाटल्या (केंद्राचं नाव घेत नाही). त्याच्या लेकींनाही त्याच्याच. वही कुणी ठेवली नव्हती. गाई उलटायला (गाभण न राहता पुन्हा माजावर यायला) लागल्या आणि शिव्या मला. एका म्हातारीनं तर कालवड माझ्या दारात आणून बांधली, 'आता तूच सांभाळ' म्हणाली.

दावणीवरचा
डॉक्टर, तुमच्याकडं वही नव्हती, त्यांच्याकडं 1822 पासून कोट्सचं हर्ड बुक, म्हणजे वंशावळींची वही, छापलेलं होतं. फरक आहे.

निवृत्त पशुवैद्य
हर्ड बुक होतं म्हणून डचेस वाचली का? तुम्हीच लिहिलंय वर, वंश बुडाला म्हणून. स्वतःचं तरी वाचत जा.

कृष्णाकाठ
सगळे इंग्लंड-स्कॉटलंडातच अडकलात. टेक्सासच्या किंग रँचवरचा मंकी कुणाला आठवला नाही? 1920 चा वळू, शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मन (भारतीय गाई-बैलांपासून अमेरिकेत घडवलेली जात) यांच्या संकराचा (नाव वाचून भलते फाटे फोडू नका). तिथंच घडलेल्या सांता गर्ट्रुडिस जातीचं आजचं प्रत्येक जनावर त्याच्यापर्यंत जातं. आणि ब्राह्मनमध्ये गीर, कांकरेज, ओंगोलबरोबर आमच्या 'कृष्णा खोरे' जातीचंही रक्त आहे.

रवंथ
आलं! हळद तुमची, द्राक्षं तुमची, आता टेक्सासचा वळूही सांगलीचाच. धाग्याचा विषय काय, हे बोलतात काय.

कृष्णाकाठ
थट्टा करा. आजोबांकडं कृष्णा खोऱ्याची जोडी होती. काळ्या रानात पावसाळ्यानंतर नांगर रुतायचा, तिथं ती जोडी सावकाश पण न थांबता ओढायची. ट्रॅक्टर आला, बैल बाजारात गेले. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. आज शुद्ध जनावर बघायला गावोगाव विचारत फिरावं लागतं. आणि तुम्ही दोनशे वर्षांपूर्वीच्या परदेशी वळूची आई कोण यावर भांडताय.

निवृत्त पशुवैद्य
हे मात्र खरं. पण जात संपली ती बाहेरच्यांनी संपवली नाही. फळवायला आपणच जर्सीच्या कांड्या मागितल्या.

कृष्णाकाठ
मागितल्या? डॉक्टर, घरोघर येऊन 'दूध वाढेल' कोण सांगत होतं? तुमचंच खातं ना?

निवृत्त पशुवैद्य
हो, मीच सांगत होतो. दूध वाढलंही. पुढचं लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

दावणीवरचा
मूळ मुद्दा सांगलीला पोचलाच आहे तर आवरतो. रवंथ, रक्त फेव्हरिटचं जास्त, मान्य. घ्या, खूश? पण 1859 नंतर निवड कुणी कशी केली ते त्या आकड्यात दिसत नाही. कच्चा माल फेव्हरिटचा, घडण क्रुकशँकची.

रवंथ
अर्धी माघार पदरात पडली, तीही चालेल. जाता जाता कृष्णाकाठांना एकच: मंकीतलं शॉर्टहॉर्न रक्त शेवटी कुणाचं? फेव्हरिटचंच!

कृष्णाकाठ
आणि टेक्सासच्या उन्हात, गोचिडांत टिकलं ते कुणाचं?