‘निवास’ की ‘मुक्काम’? प्रवास-सहायकाच्या शोधसाधनातील शब्द

प्रश्न : प्रवासाचा बेत आखून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकासाठी आम्ही राहण्याची जागा शोधून देणारे एक साधन तयार करीत आहोत. साधनाचे नाव, वर्णन आणि रकान्यांची नावे मराठीत लिहायचे ठरले आहे. मी ‘निवास-शोध’ सुचवले. माझ्या सहकाऱ्याला ते कार्यालयीन वाटते. तो ‘लॉजिंग’च ठेवावे म्हणतो. यांपैकी योग्य शब्द कोणता?

उत्तर : एरवी हा प्रश्न आवडीनिवडीवर सोडून देता आला असता. येथे तसे करता येणार नाही, कारण हे शब्द माणसाआधी भाषाप्रारूप, म्हणजे सहायकामागची मजकूर वाचून उत्तर लिहिणारी संगणकीय प्रणाली, वाचते. ओपनएआयने जून २०२३ मध्ये आणलेले फंक्शन कॉलिंग असो किंवा अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल असो, या दोन्ही प्रारूपाला बाहेरची साधने वापरू देण्याच्या पद्धती आहेत. दोन्हींमध्ये साधनाविषयी प्रारूपापुढे मुख्यतः त्याचे नाव, वर्णन आणि रकान्यांची मांडणी ठेवली जाते, आणि समोरच्या संभाषणात हे साधन आत्ता वापरावे की नाही हे ते त्यावरूनच ठरवते. आतली संगणकीय रचना त्याला दिसत नाही. म्हणजे शब्द ढिला पडला की साधनच चुकीच्या वेळी उचलले जाते.

आता ‘निवास’. ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून निवास, वास्तव्य, वसती हे शब्द आले, आणि गंमत अशी की ‘प्रवास’ही त्याच धातूचा आहे, संस्कृतात त्याचा मूळ अर्थ घरापासून दूर राहणे असा होतो. मराठीने प्रवासाला जाण्यायेण्याचा अर्थ दिला आणि राहण्याचा अर्थ बाकीच्या भावंडांत वाटून टाकला. त्या वाटणीत निवासाकडे कायमपणा गेला. ‘निवासी इमारत’ म्हटल्यावर कोणाच्याही डोळ्यांपुढे दोन रात्रींची खोली येत नाही. ‘मला राहायला जागा शोधून द्या’ असे कोणी घर भाड्याने घेण्याच्या हेतूने म्हणाले, तर ‘निवास-शोध’ या नावाचे साधन आपण होऊन पुढे सरसावेल. ‘वास्तव्य’ त्याहून लांबलचक मुदतीचे. ‘वस्तीला राहणे’ हा प्रयोग अर्थाने अगदी नेमका आहे, पण वस्ती म्हटले की आज घरांचा समूह आधी आठवतो.

‘मुक्काम’ मात्र जणू याच कामासाठी घडला आहे. मूळ अरबी शब्द थांबण्याचे ठिकाण सांगणारा. मराठीत आपण मुक्काम करतो, ठोकतो, वाढवतो आणि हलवतो. स्वतःच्या घरी राहण्याला कोणी मुक्काम म्हणत नाही, म्हटले तर ते टोमणा म्हणून. तात्पुरतेपणा, वाट आणि रात्र या तिन्ही गोष्टी त्यात आपोआप येतात. एक खोट आहे : ‘मुक्कामाला पोहोचलो’ यात तो गंतव्यस्थानाचाही वाचक ठरतो. म्हणून वर्णनात पहिल्याच वाक्यात ‘रात्रीच्या मुक्कामाची जागा’ असे लिहावे.

सहकाऱ्यांच्या ‘लॉजिंग’ला आधार नाही असे नाही. संकेतस्थळांवरील माहितीला ठरावीक नावे देणाऱ्या स्कीमा.ऑर्गच्या शब्दसंग्रहात ‘लॉजिंगबिझनेस’ हा प्रकार आहे आणि त्याच्या पोटात हॉटेल, हॉस्टेल, मोटेल, तंबूंची जागा असे सारे येते. पण मराठीत ‘लॉज’ आकसून साध्या, स्वस्त खोल्यांपुरता उरला आहे. ‘हॉटेल’ची अडचण त्याहून मोठी आहे, कारण मराठी माणूस हॉटेलात राहतो तसा जेवतोही. ‘जवळचे चांगले हॉटेल सांगा’ या वाक्यावरून मुक्काम हवा आहे की जेवण, हे कळत नाही. तेव्हा ‘केवळ खाण्यापिण्याच्या जागांसाठी हे साधन वापरू नये’ असे वर्णनात स्पष्ट लिहिणे अत्यावश्यक आहे.

‘शोध’ या शब्दालाही जपावे. शोध घेतला जातो आणि शोध लावलाही जातो. भाषाप्रारूपाला साधन मिळाले नाही, तर अस्तित्वात नसलेल्या हॉटेलाचा शोध ते बिनदिक्कत लावते. आपले साधन मुळात त्यावरचाच उपाय आहे.

रकान्यांमध्ये ‘दिवस’ हा शब्द टाळावा. ‘तीन दिवसांचा मुक्काम’ म्हणजे कोणाच्या लेखी दोन रात्री, कोणाच्या लेखी तीन. ‘येण्याची तारीख’ आणि ‘सोडण्याची तारीख’ असे दोन रकाने ठेवून रात्री साधनानेच मोजाव्यात : १२ तारखेला येऊन १५ तारखेला जागा सोडली, तर ३ रात्री. तारीख आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने मागावी, म्हणजे ०३/०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च असा घोळ होत नाही. ‘दर’ एका रात्रीचा, ‘रक्कम’ एकूण आणि करासह. दोन्हींसाठी ‘भाडे’ हा एकच शब्द वापरू नये.

सर्वांत जास्त काळजी नकाराची घ्यावी. ‘खोली नाही’, ‘सांगितलेल्या दरात खोली मिळाली नाही’ आणि ‘खोलीविषयी कळू शकले नाही’ ही तीन वेगळी उत्तरे आहेत. पहिल्यात बेत बदलावा लागतो, दुसऱ्यात अट सैल करता येते आणि तिसऱ्यात थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे असते. साधनाने तिन्ही वेळा नुसती रिकामी यादी परत केली, तर प्रारूप तिचा अर्थ बहुधा ‘नाही’ असाच करते आणि प्रवाशाला निष्कारण दुसरीकडे पाठवते.

जाता जाता : आपण ‘सहायक’ लिहिलेत ते बरोबर आहे. ‘सहाय्यक’ सर्रास दिसते, पण नाम ‘साहाय्य’ आणि विशेषण ‘सहायक’.

पुरवणी प्रश्न : मुक्काम मान्य. पण चाचणीत एकाने ‘एखादी खोली बघून ठेव’ असे लिहिले आणि सहायक थेट आरक्षणाकडे वळला. यात चूक कोणाची?

उत्तर : दोष ‘ठेवणे’ या सहायक क्रियापदाचा, ते क्रियेला पुढच्या सोयीची छटा देते, पण क्रिया मूळचीच राहते. ‘बघून ठेव’ मध्ये बघणेच आहे, खोली अडवणे नाही. ‘घेऊन ठेव’ किंवा ‘धरून ठेव’ म्हटले असते, तर गोष्ट वेगळी होती. मात्र हा बारकावा प्रारूपाच्या भरवशावर सोडू नये. शोध आणि आरक्षण ही दोन स्वतंत्र साधने करावीत, शोधाच्या वर्णनात ‘हे साधन केवळ माहिती देते, कोणतीही खोली राखून ठेवत नाही’ असे वाक्य घालावे, आणि आरक्षणाच्या साधनाने प्रवाशाचा स्पष्ट होकार मिळाल्याखेरीज पुढे जाऊ नये.