मदत हवी आहे: जुनी ॲप्स न मोडता फ्रेमवर्कचं नवं मेजर व्हर्जन कसं आखावं?

नमस्कार मंडळी,

नाशिकमधले आम्ही काही जण एक छोटं मुक्तस्रोत पीएचपी फ्रेमवर्क (वेब ॲप बांधायचा तयार सांगाडा) सांभाळतो. प्रत्येकाची नोकरी वेगळी, त्यामुळे हे काम रात्री आणि रविवारी चालतं. सध्या तिसऱ्या व्हर्जनची आखणी सुरू आहे आणि आमच्यात दोन तट पडलेत. तुमच्यापैकी कुणी एखाद्या फ्रेमवर्कचं मेजर व्हर्जन काढलं असेल, किंवा चालू ॲप अशा अपग्रेडमधून पार नेलं असेल, तर सल्ला हवा आहे.

आमचं दुसरं व्हर्जन पीएचपी ७.४ धरून लिहिलेलं आहे. ७.४ च्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्या, म्हणजे आता आहे तिथेच राहून चालणार नाही. तिसऱ्यात किमान पीएचपी ८.३ लागेल, राउटर (कुठल्या पत्त्यावर कुठला कोड चालवायचा ते ठरवणारा भाग) नवा असेल आणि टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, छापलेली प्रत्येक व्हॅल्यू आपोआप एस्केप होईल, म्हणजे त्यातली < किंवा & सारखी चिन्हं ब्राउझर कोड समजणार नाही अशा रूपात बदलली जातील. शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आज एका ठिकाणी एस्केप करायचं राहिलं की क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगला (पानात परका कोड घुसवण्याच्या हल्ल्याला) वाट मोकळी होते, आणि ते लक्षात ठेवण्याचा भार फ्रेमवर्कने डेव्हलपरवर टाकू नये.

फ्रेमवर्क वापरणारे कोण, हेही सांगतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागातली द्राक्षांची पॅकहाउस, काही पतसंस्था, कॉलेज रोडवरचे क्लासेस. ॲप कुणीतरी एकट्याने करून दिलेलं असतं आणि तो डेव्हलपर आता पुण्यात किंवा बंगळूरला असतो. ॲप मात्र शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांच्या साइट्स असलेल्या सामाईक सर्व्हरवर) रोज चालू असतं, आणि ऑफिसमधल्या माणसाला आत काय आहे ते माहीत नसतं.

पहिल्या तटाचं म्हणणं, सगळं नव्याने लिहू. कोड स्वच्छ होईल हे खरंच आहे. पण अँग्युलरजेएस या फ्रेमवर्ककडून अँग्युलर २ कडे जाताना काय झालं ते आठवा. सप्टेंबर २०१६ मध्ये नवं आलं, ते जवळजवळ वेगळंच फ्रेमवर्क होतं, आणि जुन्याचा सपोर्ट शेवटी ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत चालवावा लागला. त्यांच्यामागे गूगल होतं. कोडइग्नायटर या पीएचपी फ्रेमवर्कचं चौथं व्हर्जन सुद्धा २०२० मध्ये पूर्ण नव्याने लिहून आलं, आणि तिसऱ्यावरची कितीतरी ॲप्स आजही तिसऱ्यावरच आहेत. आपल्याकडे छोटी कामं करणाऱ्या कुणालाही विचारा.

मी दुसऱ्या तटात आहे. सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कची पद्धत मला पटते. तिथे जुन्या मालिकेतलं शेवटचं व्हर्जन, म्हणजे ५.४ किंवा ६.४, आणि पुढचं .० एकाच महिन्यात येतात. दोन्हींत सुविधा सारख्याच. फरक इतकाच की .० मधून डेप्रिकेट झालेला कोड (पुढे जाणार अशी सूचना आधीच देऊन ठेवलेला) काढलेला असतो. म्हणजे ५.४ वर राहून सगळ्या सूचना निस्तरल्या की आपल्या कोडपुरतं ६.० वर जाणं सोपं. आम्हीही आधी २.९ काढून त्यात नवा राउटर जुन्याच्या शेजारी ठेवावा आणि ३.० मध्ये फक्त जुनं काढावं, असा माझा प्रस्ताव आहे.

आता अडचणी.

डेप्रिकेशनची सूचना वाचणार कोण? लाइव्ह सर्व्हरवर एरर दाखवणं बंद असतं, ते असायलाच हवं, आणि शेअर्ड होस्टिंगवरची लॉग फाइल कुणी उघडत नाही. ॲडमिनच्या पानावर सूचना दाखवावी असं एकाने सुचवलं. पण पॅकहाउसमध्ये ते पान उघडणारा माणूस हिशेबनीस आहे, तो घाबरून फोन करेल तो नेमका कुणाला? कमांड चालवून सगळ्या सूचनांची यादी देणारं साधन बरं वाटतं, पण तेही कुणीतरी चालवलं तरच उपयोगी. तुम्ही यावर काय केलंत?

दुसरी अडचण एस्केपिंगची, आणि ही खरी डोकेदुखी आहे. जुन्या कित्येक ॲप्समध्ये डेटाबेसमध्ये ठेवण्याआधीच एस्केप केलेलं आहे. आता टेम्प्लेटनेही आपोआप एस्केप केलं तर ते दोनदा होईल, आणि 'पाटील & सन्स' अशा नावात & च्या जागी '&' अशी भलतीच अक्षरं पावतीवर छापली जातील. डेटा एकदाच साफ करणारी स्क्रिप्ट लिहिता येईल, पण कुठला कॉलम आधीच एस्केप झालाय आणि कुठला नाही, हे आपोआप ओळखायचं कसं? की हा बदल टेम्प्लेट फाइलनिहाय चालू-बंद करता येईल असा ठेवावा? तसा ठेवला तर तो कायमचा बंदच राहील अशी मला भीती आहे.

तारखेबद्दलही मत सांगा. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांची काढणी असते, पॅकहाउसवाले त्या दिवसांत कशालाच हात लावू देणार नाहीत. मार्चअखेर पतसंस्थांची गडबड. म्हणून २.९ जूनमध्ये आणि ३.० पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये, असं मनात आहे. मधल्या एका वर्षात लोकांना पुरेसा वेळ मिळेल का?

भर: खाली प्रतिसादात विचारलंय की रेक्टर हे साधन वापरता येईल का. हो, पीएचपी कोडमधले नेहमीचे बदल त्याने आपोआप करता येतात आणि राउटरसाठी आम्ही त्याचे नियम लिहायला घेतलेत. आमच्या टेम्प्लेट फाइल्स शुद्ध पीएचपी नाहीत, त्यामुळे तिथे तो चालत नाही. टेम्प्लेटचं असं रूपांतर कुणी केलं असेल तर कृपया पद्धत लिहा, कोड अर्धवट असला तरी चालेल. आणि २.९ आल्यावर स्वतःच्या जुन्या ॲपवर चालवून बघायला कुणी तयार असेल तर इथेच कळवा, विशेषतः पतसंस्थेचं ॲप असलेल्यांनी.