क्रूझला कॅमेऱ्याचं कमीत कमी सामान कसं न्यावं? मदत हवी आहे (घाई आहे)

मृदगंधा
पुढच्या शुक्रवारी निघायचंय आणि कॅमेऱ्याच्या बॅगेचं अजून काही ठरत नाहीये म्हणून घाईघाईत लिहितेय. आम्ही क्रूझला चाललोय, ७ रात्रींची. कॅमेरा, तीन लेन्स, ट्रायपॉड, फिल्टर, चार्जर असं सगळं भरलं तर बॅग साडेपाच किलोच्या वर जातेय, त्यात मिस्टरांच्या मित्राने त्याची मोठी लेन्स देऊ केलीय, ती घेतली तर संपलंच. मला हलकं जायचंय पण परत आल्यावर हळहळ नको की ते नेलं असतं तर. नवीन काही विकत घ्यायचं नाहीये. काय नेऊ आणि काय घरी ठेवू ते सांगा प्लीज. आणि मोबाइल पुरतो हे कुणी सांगू नका, ते घरात रोज ऐकतेय.

खारा_वारा
ताई, लेन्स वगैरे नंतर, आधी पाण्याचा विचार करा. आम्ही लक्षद्वीपला गेलो होतो तेव्हा मोठी बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि बेटावर न्यायला छोटी होडी, त्यात चढता उतरताना अंगावर पाणी येतंच येतं. माझ्या शेजारच्या माणसाची चांगली लेदरची कॅमेरा बॅग पहिल्याच दिवशी खाऱ्या पाण्याने भिजली. तोंड गुंडाळून बंद होते ती ड्राय बॅग मिळते ती घ्या, आणि रोज रात्री किंचित ओल्या फडक्याने बॉडी पुसून मग कोरड्या फडक्याने पुसा. नुसतं कोरडं फडकं मारू नका, मिठाचे कण घासले जातात. वाळूत लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही.

प्रकाशवेडा
पण त्या कुठे चालल्यात ते लिहिलंय कुठे? क्रूझ म्हणजे लक्षद्वीप असं तुम्ही परस्पर ठरवलंत. मृदगंधा, कुठली क्रूझ, कुठल्या महिन्यात, कॅमेरा कोणता, तीन लेन्स कोणत्या आणि मित्राची मोठी लेन्स म्हणजे नेमकी कोणती? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

एकच_लेन्स
मी तर सांगतो सरळ हे सगळं विकून टाका आणि सोनीचा आरएक्स१० मार्क ४ घ्या. २४ ते ६०० मिलिमीटर एकाच लेन्समध्ये (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), लेन्स बदलायची भानगड नाही, सेन्सरवर धूळ नाही. मी ५ वर्षं तोच वापरतोय, नॉर्वे केलं, केनिया केलं, कधी काही कमी पडलं नाही.

अनुस्वार
@एकच_लेन्स, त्यांनी स्पष्ट लिहिलंय की नवीन काही घ्यायचं नाही. आठवड्यावर प्रवास आलाय, नवा कॅमेरा हाताला बसायला तरी वेळ नको का.

मृदगंधा
सॉरी, मला वाटलं लिहिलंय. अलास्काला चाललोय, जूनमध्ये. सिएटलहून निघून परत सिएटल, मध्ये केचिकन, जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे आणि शेवटी व्हिक्टोरिया. कॅमेरा कॅननचा २००डी, लेन्स १८-५५, ५५-२५० आणि ५० एफ १.८ (कमी उजेडात चालणारी). मित्राची लेन्स सिग्मा १५०-६००. जुनोला व्हेल वॉचिंग बुक केलंय, ते मुख्य आकर्षण. भाऊ सिएटलला असतो, त्याच्याकडे दोन दिवस आधी पोचतोय.

दूरदर्शी
मग प्रश्नच मिटला, सिग्मा न्याच. अलास्काला लोक आयुष्यात एकदा जातात. देवमासा, टकल्या गरुड, अस्वल, हे सगळं लांब असतं, तिथे ६०० सुद्धा अपुरी वाटते. मित्र फुकट देतोय आणि तुम्ही वजनाचा विचार करताय! १८-५५ काढा, त्या कामाला मोबाइल आहे. एक मोनोपॉड (एकपायी स्टँड) घ्या, खांद्यावर भार येत नाही.

हर्डीकरआजोबा
धागा वाचून आमचे दिवस आठवले. ७० च्या दशकात भाऊच्या धक्क्यावरून कोकण सेवक नाहीतर कोकण शक्तीने रत्नागिरीला जायचो, डेकवर सतरंजी अंथरून. थोरल्या भावाकडे आग्फा क्लिक थ्री होता, एका रोळात १२ फोटो. जाताना ६ आणि येताना ६ असा हिशेब. सूर्योदयाला एक, बंदराला एक, आईचा एक. मे महिना ओलांडला की बोटी बंद. ताई, बोट लागते का तुम्हाला? लागत असेल तर त्याची गोळी आधी घ्यावी लागते, लागायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आमची आई आवळासुपारी आणि आल्याचा तुकडा जवळ ठेवायची.

अनुस्वार
आजोबा, यावर वेगळा धागा काढा ना, सगळे वाचतील. आमचे वडीलही त्याच बोटीने दाभोळला उतरायचे, तिथून पुढे होडी.

सिएटलकर
तीनदा केलीय ही क्रूझ, दोनदा आईबाबांना घेऊन. पहिली गोष्ट कॅमेऱ्याची नाही पण सांगतो, व्हिक्टोरिया म्हणजे कॅनडा. तिथे बोट थांबते कारण १८८६ चा अमेरिकन कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं तर मध्ये एक तरी परदेशी बंदर घ्यावं लागतं. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा आणि अमेरिकेचा मल्टिपल एंट्री दोन्ही लागतं. बघितलंय ना?

मृदगंधा
हो हो व्हिसा सगळे झालेत, भावाने ते पहिलं बघितलं. बोटही लागत नाही आजोबा, पण आईसाठी गोळी घेतलीय. प्रश्न कॅमेऱ्याचाच आहे. मोनोपॉड जमणार नाही, आईची व्हीलचेअर मला ढकलायचीय, आणि माझा उजवा खांदा मागच्या वर्षी फ्रोझन होता, आता बरा आहे पण दोन किलो वर उचलून धरवत नाही.

प्रकाशवेडा
हे तुम्ही आत्ता सांगताय! हेच तर पहिल्या ओळीत हवं होतं. व्हीलचेअर ढकलायची म्हणजे दोन्ही हात गुंतलेले, मग आपण फोटो किती चांगले येतील यावर नाही, कॅमेरा किती पटकन हातात येईल यावर बोलायला हवं.

आकडे बघा. २००डी बॅटरीसकट ४५३ ग्रॅम, १८-५५ साधारण २१५, ५५-२५० तीनशे पंच्याहत्तर. सगळं मिळून १०४३ ग्रॅम. सिग्मा १५०-६०० ची हलकी आवृत्ती, कंटेम्पररी, ती एकटी १९३० ग्रॅम. आणि @एकच_लेन्स, तुमचा आरएक्स१० सुद्धा १०९५ भरतो, म्हणजे यांच्याकडे आहे तेच त्याहून हलकं आहे.

दूरदर्शी
वजन मान्य, पण २५० मध्ये देवमासा ठिपक्याएवढा दिसेल त्याचं काय? मी रणथंबोरला २५० घेऊन गेलो होतो, रडलो होतो.

प्रकाशवेडा
वाघाचं गणित देवमाशाला लावू नका. अलास्कात हंपबॅक देवमाशाच्या १०० यार्डांच्या आत बोट नेता येत नाही, नियम आहे, म्हणजे ९१ मीटर. २००डी चा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद. २५० वर ९१ मीटरला फ्रेममध्ये साधारण ८ मीटर रुंदी मावते. हंपबॅकची शेपटी चार-पाच मीटर, म्हणजे अर्ध्याहून जास्त फ्रेम भरली. तेच ६०० वर केलंत तर फ्रेम साडेतीन मीटरसुद्धा नाही, शेपटी मावणारच नाही. पूर्ण उडी मारली तर १२-१३ मीटरचं जनावर, तेव्हा तर २५० सुद्धा मागे घ्यावी लागेल. आता तुम्ही म्हणाल ३०० मीटरवर असला तर? तर २५० ला फ्रेम २७ मीटर, शेपटी सहावा हिस्सा, २४ मेगापिक्सेलमध्ये ती हजार पिक्सेल रुंद येते, कापून घ्या, पोस्टकार्ड साइजचा प्रिंट चांगला निघतो.

दूरदर्शी
कागदावर गणित छान आहे. गरुडाचं काय? आणि ग्लेशियर बेमध्ये काठावर अस्वल दिसलं तर?

सिएटलकर
गरुड केचिकन आणि जुनोच्या बंदरात खांबावर बसलेले असतात, चालता चालता दिसतात, त्याला २५० चालते. अस्वल बोटीवरून दिसतं ते काठावरचा तपकिरी ठिपका, तो ६०० ने मोठा ठिपका होतो एवढंच. मी पहिल्या वेळी माझी १००-४०० नेली होती, पाच दिवस केबिनच्या तिजोरीत होती. त्या ट्रिपमधल्या ज्या फोटोंची प्रिंट घरात लावलीय त्यात बाबांचा आहे, डेकवर ब्लँकेट गुंडाळून बसलेत आणि मागे मार्जरी ग्लेशियर. तो रुंद लेन्सवर काढलाय. तेव्हा १८-५५ घरी ठेवू नका, ते काहीही म्हणोत.

ग्लेशियर बेला बोट ग्लेशियरसमोर गोल फिरवतात म्हणजे दोन्ही बाजूंना दिसतो, तुम्हाला धावाधाव करायला नको, आईंना एकाच जागी बसवा. पार्कचे रेंजर बोटीवर येऊन माहिती सांगतात. पण त्या डेकवर वारं फार बोचतं, आईंना कानटोपी आणि हातमोजे, तुम्हाला बोटं उघडी राहतील असे हातमोजे.

ट्रायपॉडप्रेमी
ट्रायपॉड मात्र नेलाच पाहिजे, रात्रीच्या आकाशासाठी. नॉर्दर्न लाइट्स!

अनुस्वार
जूनमध्ये? जुनोला रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि चारच्या आधी उगवतो, मध्ये पूर्ण काळोख होतच नाही. नॉर्दर्न लाइट्सला काळोख लागतो.

खारा_वारा
आणि ट्रायपॉड बोटीवर ठेवून उपयोग काय? बोटीचं इंजिन थरथरतं ते पायांतून वर येतं आणि बोट स्वतः पुढे चाललेली असते, लांब एक्स्पोजर दिलं की डोंगर पुसटच. हे तरी लक्षद्वीप आणि अलास्का दोन्हीकडे सारखंच आहे.

मृदगंधा
बरं ट्रायपॉड आणि सिग्मा दोन्ही बाद. मित्राला काय सांगायचं ते मी बघते. ५० एफ १.८ न्यावी का? आणि पावसाचं सांगा, केचिकनला फार पाऊस असतो म्हणतात.

प्रकाशवेडा
५० ची १६० ग्रॅम आहे, डायनिंग हॉलमध्ये आईंचे, मुलांचे फोटो काढायचे तर न्या, नसतील तर ठेवा. हाच एक निर्णय तुमच्या आवडीचा. फिल्टरमध्ये फक्त एक सर्क्युलर पोलरायझर, ५८ मिलिमीटरचा, तुमच्या १८-५५ आणि ५५-२५० दोन्हींना तोच बसतो. पाण्यावरची चमक कमी होते, पण प्रकाश दीड-दोन स्टॉप खातो, म्हणजे तिसरा-चौथा हिस्साच उरतो, म्हणून देवमाशाच्या वेळी काढून ठेवा. तेव्हा शटर १/१००० सेकंदापेक्षा संथ नको, फोकस एआय सर्वोवर (हलत्या गोष्टीवर फोकस धरून ठेवतो तो मोड) आणि सलग शूटिंग. पहिला श्वासाचा फवारा दिसला की कॅमेरा त्या दिशेला धरून थांबा, तो दोन-चार श्वास घेऊन बुडी मारतो तेव्हाच शेपटी वर येते. पहिल्या फवाऱ्यालाच बटण दाबलं तर नुसतं पाणी मिळतं.

सिएटलकर
केचिकनला पाऊस गृहीत धरा. हॉटेलातली शॉवर कॅप कॅमेऱ्यावर चढवायची, मागून हात घालायचा, वजन काहीच नाही. माझी बायको दोन तरी जवळ ठेवतेच. एक मोठी झिपवाली पिशवीही ठेवा, ग्लेशियरच्या थंडीतून आत उबदार केबिनमध्ये जाताना कॅमेरा आधी पिशवीत बंद करा आणि आत अर्धा तास तसाच राहू द्या, म्हणजे लेन्सवर वाफ धरत नाही.

दूरदर्शी
अहो जूनमध्ये १० डिग्री असतं, लडाखसारखी थंडी नाही. उगीच घाबरवू नका.

सिएटलकर
घाबरवत नाहीये, आमच्या कॅमेऱ्यावर वाफ धरली होती, पंधरा मिनिटं फोटो काढता आला नाही आणि तेवढ्यात ग्लेशियरचा मोठा कडा कोसळला. आधी बर्फ पडताना दिसला, गडगडाट मागून आला. आईने बघितला, मी काच पुसत होतो.

बॅटऱ्यांचं, तीन असू द्या, विमानात हँडबॅगेतच, चेक-इनमध्ये नाही, पॉवर बँकसुद्धा. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर नुसती अमेरिकन पिनची टोपी पुरते. आणि सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेन्शन नेऊ नका, बोटीवर चढतानाच काढून घेतात.

पक्षीमित्र_नाशिक
माझं ऐकाल तर एक ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण भावाकडून मागून घ्या. तुम्ही कॅमेऱ्यात डोळा घालून बसाल तेव्हा आईंनी काय बघायचं? व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला रेलिंगमुळे जवळचं दिसत नाही, लांबचं दिसतं.

मृदगंधा
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भावाला विचारलं, त्याच्याकडे आहे, त्यामुळे माझ्या बॅगेत वजन शून्य. आत्ता किचनच्या काट्यावर सगळं ठेवून बघितलं. बॉडी, दोन लेन्स, ५० पण (आईसाठीच), तीन बॅटऱ्या, चार्जर, पोलरायझर, दोन कार्ड, फडकं, पिशवी, शॉवर कॅप मिळून दीड किलोच्या आत. साडेपाचवरून! आडवी छोटी बॅग घेतलीय, पट्टा डाव्या खांद्यावरून, चेअर ढकलताना पुढे पोटाशी राहते. लॅपटॉप नाही नेत.

शेवटचं एक, स्कॅगवेची ट्रेन घेतलीय. त्यात कुठल्या बाजूला बसावं?

सिएटलकर
व्हाइट पासला, म्हणजे ती ट्रेन चढते त्या घाटाला, वर जाताना डावी बाजू घ्या, दरी त्या बाजूला आहे. येताना लोक आपापसांत जागा बदलतात. नॅरो गेज आहे, १८९८ ते १९०० मध्ये सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांसाठी बांधलेली, वळणं इतकी जोरदार की आपल्याच गाडीचं इंजिन पुढच्या वळणावर दिसतं, त्याला १८-५५ लावून ठेवा. डब्यांच्या टोकाला उघडा प्लॅटफॉर्म असतो, काचेतून काढण्यापेक्षा तिथे जाऊन उभ्या राहा. व्हीलचेअरचं मात्र आजच फोन करून सांगा, त्यांना आधी कळवलेलं लागतं.

मृदगंधा
करते आत्ताच, तिथे सकाळ झाली असेल.