राजा लिअरमधला कॉर्नवॉल रंगवायचा कसा?

देवगडचो_राक्षस:
आमचं हौशी मंडळ विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर', म्हणजे शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा अनुवाद, बसवतंय. विंदा आमच्याच तालुक्यातले, त्यामुळे सगळ्यांना भलताच हुरूप. माझ्याकडे लिअरचा जावई कॉर्नवॉल आलाय. दशावतारात मी राक्षस करतो, मृदंग वाजला की डोळे आपोआप गरगरतात. पण म्हाताऱ्या सरदार ग्लॉस्टरचे डोळे काढणारा हा इसम त्या साच्यात बसत नाही. ग्लॉस्टरचा अनौरस मुलगा एडमंड निदान स्वगतात आपलं दुखणं सांगतो. याला स्वगतच नाही! दिग्दर्शक म्हणतो, गडगडाटी हास्य कर. मला पटत नाही.

रत्नागिरीची_बाई:
मुळीच हसू नका. तिसऱ्या अंकाचा सातवा प्रवेश काढा. तो म्हणतो, न्यायाचा देखावा केल्याशिवाय ग्लॉस्टरचा जीव घेता येणार नाही, पण आमची सत्ता आमच्या रागाचा मान राखेल. लोक नावं ठेवतील, अडवू शकणार नाहीत. हा राक्षस कसला, साहेब आहे! खुर्चीला बांधायला लावतो, पत्रांची चौकशी करतो. त्याआधी एडमंडला बाहेर धाडतो, का तर बापाचे हाल पोराने बघणं बरं नव्हे. आणि हे सगळं ज्याच्या घरी पाहुणा म्हणून उतरलाय त्याच्याच घरात. आवाज खाली ठेवा, काम उरकायची घाई दाखवा. रीगन, नाटकातली तुमची बायको, कोण करतंय? लिअरच्या इमानी केंटला खोड्यात घालताना हा 'दुपारपर्यंत' म्हणतो, ती 'रात्रभर' करते. ती कच्ची निघाली तर तुमचं काही खरं नाही.

मालवणी_गजाली:
माका वाटता, तुझो पार्ट त्या नोकराच्या हातात आसा. ल्हानपणापासून चाकरी केलेलो गडी मालकार तलवार काढता. नाव सुद्दा नाय बिचाऱ्याक! रीगन त्येका पाठसून मारता, पण तुका लागलेलो घाव जीव घेता. मगे ती विधवा, आणि एडमंडापायी ती आणि तिची भयण गॉनरिल एकामेकीच्या जिवार उठतत.

देवगडचो_राक्षस:
पटलं बाई, साहेबच करतो. गजालीकारा, तुझा पण मुद्दा बरोबर. आता त्याच प्रवेशातले शेवटचे दोन नोकर. माणसं कमी आहेत, दिग्दर्शक त्यांना कापू म्हणतोय.

रत्नागिरीची_बाई:
१६०८च्या छापील प्रतीत ते आहेत, १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात, नाहीत. म्हणजे कापायला आधार आहे. कापलेत तर प्रवेश तुमच्यावर संपतो: रक्त वाहतंय, बायकोचा हात मागत आत जाताय. नट म्हणून तुमचा फायदाच. पण ते दोघे आंधळ्या म्हाताऱ्याच्या जखमांना अंड्याचा पांढरा बलक लावायची तजवीज करतात. मी असते तर मृदंगवाल्याला उभा केला असता, पण ते कापले नसते.